रत्नाचं माहेरपण

साकोली
संक्रांतीनंतरचा बुधवार, जानेवारी १९७९

भांडण सुरू करायचं अन् अर्ध्यात टाकून नागपूरची बस पकडायची, हे कोणत्या कॉलेजात शिकवतात? तू बापावर ओरडली, बाप तुझ्यावर ओरडला. तू पिशवी उचलली, तो दुकानात जाऊन बसला. दोघांचं भांडण तुझ्या रत्नाआत्यासाठी होतं म्हणे. ती तिथंच खाटेवर बसली होती. तिले कोणी विचारलं काय?

चि. सत्यवतीस आजीचे आशीर्वाद. मी बरी आहे. अक्षराले हसू नको. माझी शाळा दुसरीपर्यंत, अन् पावसाळ्यात तीही बंद. दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं तर सगळ्या साकोलीले आधी समजलं असतं, तुले नंतर.

तुझी आत्या भाऊबीजेले आली ती अजून इथंच आहे. ओवाळून झालं तर तुझा बाप म्हणाला, मंडईची जत्रा पाहून जाईल. मंडई झाली तर म्हणाला, धान घरी येऊ दे. धान आलं तर म्हणाला, एवढ्या थंडीत कुठं पाठवता तिले. आता तीळगूळही खाऊन झाला. लाखांदूरच्या घराले कुलूप आहे अन् किल्ली तुझ्या बापाच्या खिशात.

तू हे सगळं विसरली असं मले वाटून राहिलं, म्हणून आठवण देते. रत्नाले लकवा मारला तेव्हा तिची उजवी बाजू गेली होती. नवरा आधीच गेलेला, पोर नाही. सगळे म्हणाले, आता हिचं आयुष्य भावाच्या ओसरीवर. तू नोकरी करते त्या नागपूरच्या दवाखान्यात दिवसभर तिले एका डब्यातले खिळे दुसऱ्या डब्यात टाकायले लावत होती. मले वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. मग सुट्टी काढून तू लाखांदूरले तिच्या घरी येऊन राहिली. खाटेले दोर बांधला, की तो धरून तिले उठता यावं. चूल कमरेएवढी उंच केली. धनीराम सुताराकडून भाताची घोडी, ती गंज वाकवायची लाकडी चौकट, बनवून घेतली. शेजारची गोदावरीबाई मले विचारे, "नात डॉक्टरीण आहे म्हणता, मंग सुई काहून देत नाही?"

मी म्हटलं, "ती भात पसवायले शिकवते."

"त्यासाठी एवढे वर्षं कॉलेज?"

मी काय सांगू? मलेही तेच वाटत होतं.

पण बाई, आपल्याकडे दोन्ही वेळ भातच. पसवायचा म्हणजे उकळत्या भाताचा गंज दोन्ही हातांनी उचलून वरचं पाणी, मांड, गाळावा लागते. एका हाताच्या बाईले सगळं जमेल, हेच जमत नाही, अन् हेच जमत नाही म्हणून तिले दुसऱ्याच्या दारात जेवावं लागते. तू घोडीत गंज बसवला, झाकण पडू नये म्हणून त्यावर पट्टी सरकवली अन् तिले म्हटलं, आता डाव्या हातानं दांडी दाब. मी उठायले लागली तर माझ्यावर खेकसली, "आजी, हात मांडीखाली दाबून बस." माझ्या सासूनं मले असं कधी बसवलं नव्हतं. मी बसली. रत्नानं दांडी दाबली, गंज वाकला, मांड खाली पडला. भात गिच्च झाला होता. तिघींनी खाल्ला. त्यानंतर कोणी तिच्या भांड्याले हात लावला तर ती म्हणे, "दूर सर व, माझं घर आहे."

तीच रत्ना इथं आली. तुझी माय वाईट नाही, हे मी मरेपर्यंत सांगीन. पण माहेरी आलेल्या लेकीले कोणी काम सांगत नाही. रत्नानं विळी ओढली तर तुझी माय विळी पोटाशी धरून रडायले लागली. "बाई, लोक म्हणतील, सुलोचनानं लकव्याच्या नणंदेले कामाले लावलं." रत्नानं विळी सोडली. दुसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी स्वतः घ्यायले गेली तर तुझ्या बापानं एक बाई ठेवली अंघोळीले. मग तुझी माय घास भरवायले लागली. रत्ना पहिल्यांदा म्हणे, "मले येते, वहिनी." आता म्हणत नाही. तोंड उघडते.

उजव्या हाताची बोटं पुन्हा मुठीत वळून राहिली. काय करायचं ते लिहून पाठव. मले समजेल असं लिही, तुझं दवाखान्याचं इंग्रजी नको.

तुझी आजी, शकुनबाई


साकोली
होळीनंतर, मार्च १९७९

तुझ्या पत्रात बापासाठी एक ओळ नाही. त्यानं पाकीट पाहिलं, तुझं अक्षर ओळखलं. नंतर दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांशी भांडला. एकानं तांदूळ परत आणून टाकले. एवढा राग ठेवायचाच तर पाकिटावर दुसऱ्याकडून पत्ता लिहून घेत जा.

आशीर्वाद.

तू सांगितलं तसं मी करून राहिली. तुझी माय दुपारी शेजारी पोथी ऐकायले जाते. तेवढ्यात कोमट पाण्यात रत्नाचा हात ठेवायचा, एकेक बोट उघडायचं. मग तुरीच्या शेंगा तिच्या पुढ्यात. शेंगा सोलता सोलता ती मले लाखांदूरच्या गोष्टी सांगे. कोणाच्या धानाची बांधी फुटली, कोणाची सून पळाली. चार महिन्यांपूर्वीच्या बातम्या, पण सांगताना तोंडावर रंग येई. तू म्हणते ना, हातासोबत डोकं चालते. चालते.

मग एक दिवस तीच म्हणाली, "आई, भात मांडू काय?"

घोडी तर लाखांदूरले. मागच्या अंगणात तीन दगडांची चूल मांडली. झाकण गंजाले दोरीनं बांधलं, गंज ओट्याच्या काठाले टेकवला, खाली परात. मी हात मांडीखाली. तिनं लाकडाच्या फळीनं गंज ढकलला. सांडला थोडा, पण मांड परातीत आला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पाहून काय राहिली, भात निवून राहिला." असं म्हटलं नसतं तर ती रडली असती अन् मग मले काहीतरी करावं लागलं असतं.

तेवढ्यात तुझी माय आली. परात पाहिली, धूर पाहिला, मटकन खाली बसली. "आई, माझ्या हातचा भात बेचव लागते काय बाईले?" पोथी ऐकून आलेल्या बायका तिच्या मागं दारात उभ्या. एकीनं तोंडाले पदर लावला. आता सांग, त्या बायका घरोघरी जाऊन काय सांगणार होत्या?

तुझा बाप दुकान सोडून आला. "आई, तू माय आहे का कसाई?"

मी म्हटलं, "मी तिची माय आहे म्हणूनच."

रत्ना म्हणाली, "टिकाराम, आईले बोलू नको. मले माझ्या घरी नेऊन दे."

त्यानं मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर ती तशीच उठून निघाली असती. माझी पोर आहे, मले माहीत आहे. पण तो तिच्या खाटेजवळ खाली बसला. एवढा मोठा दुकानदार माणूस, बायकांसमोर. म्हणाला, "बाई, आई धानाच्या रोवणीले जाये तं तू मले कडेवर घेऊन सानगडीचा बाजार फिरवला. तुले नीट चालता येत नव्हतं मी कडेवर असलो की. अन् आता मी तुले एकटी टाकू? मले कोण तोंड दाखवू देईल?" अन् रडायले लागला.

रत्नानं त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवला. "रडू नको रे. राहते म्हणते ना मी."

तिथं सगळं संपलं, सत्यवती. तो भात कोणी खाल्ला नाही. गाईले टाकला.

दुपारची पोथी आता आपल्या घरीच असते. तुझ्या मायनं बोलावली.

तू ये. बापानं बोलावल्याशिवाय पाय ठेवणार नाही असं तू लिहिलं. त्यानं तुले जा म्हटलं तेव्हा तो रागात होता. तो बोलावणार नाही. तोही तुझ्यासारखाच आहे, अन् तुम्ही दोघं माझ्यासारखे आहात, म्हणून मले ठाऊक आहे.

आजी


लाखांदूर
मे १९७९

मी तिले घेऊन आली. कोणाले विचारून नाही. तुझा बाप मालासाठी भंडाऱ्याले गेला होता, माय लग्नाले. किल्ली त्यानं जुन्या सदऱ्यात ठेवली होती. सदरा धुवायच्या नावानं मीच घेतला.

बसच्या पायरीवर रत्नाले मी म्हटलं, आधी चांगला पाय वर, मग दुसरा, तू शिकवलं तसं. ती दांडा धरून पाय उचलणार, तर कंडक्टरनं काखेत हात घालून पोत्यासारखी वर घेतली. "चढा मावशी, चढा." सानगडीले खाली पाय मोकळे करायले उतरणार तर दोघंजण धावले. या रस्त्यावर भल्या लोकांची काही कमी नाही. लाखांदूर येईपर्यंत तिचा पाय एकदाही त्या पायरीले लागला नाही.

घरात उंदीर झाले आहेत. छताचे कवेलू फुटले आहेत, पाऊस आला की चुलीवरच गळेल. घोडीवर जाळं होतं. रत्नानं डाव्या हातानं पुसलं. तेवढ्यानंच तिले दम लागला. अंग फार सुटलं आहे तिचं. तू आता पाहशील तर ओळखणार नाही.

पहिल्या दिवशी गोदावरीबाईनं डबा आणला. म्हणाली, "आता तं तुम्ही आले ना आजीबाई, मंग कायले रत्नानं हात भाजावा?" मी तिले म्हटलं, डबा ठेव अन् जा. ती रुसली.

काल सकाळी रत्ना म्हणाली, "आज मी मांडते."

तांदूळ धुतले. आधणात टाकले. इथपर्यंत बरं. मी भिंतीले टेकून बसली. ती डाव्या हातानं गंज चुलीवरून घोडीत सरकवायले गेली. तिनं दोनदा सोडला, पुन्हा धरला. बसला एकदाचा. मग तिनं दांडी दाबली, अन् मी पाहिलं की झाकणावरची पट्टी तिनं सरकवलीच नाही. विसरली. ज्या गोष्टीवरून ती मले रागवत होती, "आई, आधी पट्टी, मग दांडी," तीच विसरली.

सगळा भात खाली आला. पाण्यासकट, तिच्या उजव्या पायावर.

तिले लगेच समजलं नाही. त्या पायाले जाण कमी ना. ती भाताकडे पाहत उभी राहिली. मी उठली नाही. तूच सांगितलं होतं, तिनं हाक मारेपर्यंत उठायचं नाही. पाय लाल होऊन राहिला होता, मले दिसत होतं, तरी एक क्षण मी बसून राहिली. मग उठली अन् घागर ओतली.

तिले खाटेवर बसवलं. पायाले तेल लावून राहिली तर ती म्हणाली, "आई."

मी म्हटलं, काय.

"मले भूक लागली. भरव."

गोदावरीबाईच्या डब्यातला आदल्या दिवसाचा भात होता. मी भरवला. ती लहानपणी एवढं तोंड उघडत नव्हती. माझ्या डोळ्याले पाणी आलं ते चुलीच्या धुराचं. लाकडं ओली होती.

मी तिले अजून थोडे दिवस इथं ठेवीन. पाय भरला की पुन्हा मांडायले लावीन. पण मले फक्त बसून राहता येते, सत्यवती. बसून राहिल्यानंतर काय करायचं ते तुले येते. बापानं बोलावलं नाही, आत्याच्या घरी कोण अडवते तुले? इथं ये. लवकर ये.

आजी


साकोली
मृग लागल्यावर, जून १९७९

तू लाखांदूरले आली होती असं गोदावरीबाईनं कळवलं. आली, कुलूप पाहिलं, ओट्यावर थोडा वेळ बसली, तिच्याकडचं पाणी पिली अन् परत गेली. तू तिले विचारलं नाही काय, की रत्ना कुठं आहे? सांगितलं ना तिनं, की टिकारामनं आदल्याच दिवशी नेलं.

तुझी बस जाताना साकोलीच्या स्टँडवर थांबली अन् येतानाही थांबली. स्टँडवरून आपलं घर दिसते. खिडकीत बसली असशील तर रत्नाची ओसरीही दिसली असेल.

तुझा बाप जीप घेऊन आला होता. पायाचा फोड पाहिला अन् तोंड फिरवून उभा राहिला. मग तिले दोन्ही हातांवर उचललं. मी म्हटलं, "खाली ठेव तिले. दारापर्यंत तरी चालू दे."

"या पायानं?"

"दोन पावलं चालली तरी चालेल."

"आई, आता बस झालं," तो म्हणाला. मोठ्यानं नाही. रत्नानं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं अन् डोळे मिटले. मले तिच्या तोंडावर दुःख पाहायचं होतं. मले दिसला तो आराम.

पाऊस पडून राहिला. तुले काही म्हणायचं असेल तर म्हण. मले आता काही विचारायचं नाही.

आजी


साकोली
पोळा झाल्यावर, ऑगस्ट १९७९

तुझ्यावरचा माझा राग तू समजली तो नाही. तार मिळाली तेव्हा वैनगंगा पुलावरून वाहत होती अन् भंडाऱ्यापुढं एक गाडी येत नव्हती, हे मले माहीत आहे. रत्नाचं तोंड तुले पाहता आलं नाही, त्यात तुझा दोष नाही. माझा राग रस्ता सुरू होता अन् तू साकोलीले उतरली नाही, त्या दिवसाचा आहे.

चि. सत्यवतीस आशीर्वाद. लिहायले उशीर झाला. घरात माणसांची ये-जा होती.

पायाची जखम भरली होती. ती त्यानं गेली नाही. पाठीले जखम झाली, झोपून झोपून. तू दवाखान्यात तसे पेशंट पाहिले आहेत म्हणे, तुले वेगळं सांगायले नको. मी म्हणत राहिली, तिले कुशीवर करा, बसवा, ओसरीत आणा. तुझी माय कुशीवर करे. रत्ना कण्हली की पुन्हा सरळ करे. तिले त्रास पाहवत नव्हता. तिनं सगळं केलं बाई, सगळं. घाण काढली, पू पुसला, एकदाही नाक धरलं नाही. मी केलं नसतं तेवढं. मग ताप आला, मग छातीत कफ. डॉक्टर दोनदा आले. शेवटी शेवटी ती घासालेही तोंड उघडत नव्हती. तुझी माय चमचा ओठाले लावून बसून राहे अन् म्हणे, "एक घास बाई, माझ्यासाठी."

दहाव्याले माणसं मावत नव्हती. सगळे एकच बोलत होते, भाऊ असावा तं असा. सानगडीचे लोक आले, लाखांदूरचे आले. गोदावरीबाई रडली अन् तुझ्या बापाच्या पायाले हात लावायले गेली. त्यानं पाय मागं घेतले.

पोळ्याले त्यानं बैलांपुढं हात जोडले अन् तसाच उभा राहिला. पूजा कोणीतरी दुसऱ्यानं केली.

आता मी का लिहून राहिली ते ऐक.

तो जेवायले बसते. तुझी माय वाढते. भाताले हात लावायच्या आधी तो माझ्याकडे पाहते अन् म्हणते, "आई, माझ्याकडून काय कमी पडलं?" पहिल्या दिवशी मले वाटलं, लोकांसारखं बोलून राहिला, कौतुक पाहिजे. मी म्हटलं, जेव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी पुन्हा म्हटलं, जेव. आता रोज विचारते. कौतुक नको आहे त्याले. त्याले कुठंतरी समजलं आहे अन् काय समजलं ते समजत नाही. "दूध दिलं, डॉक्टर आणला, बाई ठेवली. लाखांदूरले ती बरी होती ना, आई? तिथं तं कोणीच नव्हतं. मंग इथं काहून?" तुझी माय वाढता वाढता थांबते. तीही ऐकून राहते. तिलेही तेच विचारायचं आहे, तिची हिंमत नाही.

मी सांगू शकते. माझं तोंड काही गोड नाही, एका वाक्यात सांगीन, अन् तो पुन्हा जेवणार नाही. त्याले वाटेल, कसाई माय सूड घेऊन राहिली. अन् तुझी माय विहिरीकडे पाहील. मले या वयात अजून कोणाले खांद्यावर पाठवायचं नाही. पण "काही कमी पडलं नाही" असंही मी म्हणणार नाही. रत्ना भात पसवत होती हे मी पाहिलं आहे. ते खोटं कसं करू?

तू हेच काम करते. रोज कोणाच्या तरी आईले, भावाले, सुनेले समोर बसवून सांगते की याले हात लावू नका, याले पडू द्या, याचं घर याचं राहू द्या. परक्यांले सांगताना तुले शब्द सापडतात. मी लाखांदूरले ऐकले आहेत, गोदावरीबाईले तू किती गोडीनं समजावलं ते. ती गोडी बापासाठी उरली नाही काय?

त्यानं तुले बोलावलं नाही. बोलावणारही नाही. पण विचारून राहिला तो तुलेच. माझ्याकडे पाहते एवढंच, कारण मी समोर बसते.

म्हणून या पत्राचं उत्तर मले नको. एक ओळही लिहायची नाही. माझ्या नावानं पाकीट आलं तर मी ते फोडणार नाही. उत्तर टिकारामले द्यायचं, अन् ते तूच द्यायचं, येऊन, त्याच्या पाटासमोर बसून. खोटं बोलायचं नाही. ओरडायचं नाही. मायलेही जवळ बसवायचं.

पण आधी त्याले जेवू दे.

आजी